वंशवृक्षातलं एक नाव

आठवीत असताना इतिहासाच्या बाईंनी आपल्याला घरून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. तुमच्यापैकी किती जणांना ते आठवत असेल, माहीत नाही. कुणाचा वृक्ष पेशवाईपर्यंत गेला होता, एकाने तर कुलदैवताचं चित्रसुद्धा चिकटवलं होतं. माझा वडिलांच्या बाजूचा वृक्ष पणजीपाशी थांबत होता. पणजीच्या आईच्या चौकोनात मी पंडिता रमाबाई असं लिहिलं. वर्ग हसला. बाईंना वाटलं, मी मोठेपणा सांगते आहे. त्यांनी त्या चौकोनाभोवती लाल पेन्सिलीने गोल केला आणि घरी नीट विचारून ये म्हणून सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही, कारण घरी तेच उत्तर मिळालं असतं.

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असं मंडळाचं पत्र आलं तेव्हा म्हटलं, ते राहिलेलं उत्तर आता देऊन टाकावं. बाई संमेलनाला येणार आहेत असं कळलं, म्हणून जास्तच.

रमाबाईंचं नाव आपल्याला पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदापुरतं होतं: विदुषी, शारदा सदन, मुक्ती मिशन. त्यांनी हजारो मुलींना आसरा दिला हे वाक्य परीक्षेत लिहून आपण दोन गुण मिळवले. पण आसरा म्हणजे काय, आणि कशापासून, हे त्या परिच्छेदात नव्हतं. माझ्या मते त्यांचं आयुष्य समजायचं तर त्यांच्या पदव्यांपासून नव्हे, त्यांच्या भुकेपासून सुरुवात करायला हवी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गावात वाद झाला आणि ते रानात जाऊन राहिले. मग आईने मुलीला शिकवलं. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरू लागलं. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा जवळचं सगळं संपलं. पुराण ऐकून दक्षिणा देणारे लोक स्वतःच उपाशी होते, आणि या कुटुंबाला मजुरी माहीत नव्हती. रानातला पाला आणि फळं खाऊन दिवस काढले. १८७४ साली वडील गेले, थोड्याच दिवसांनी आई, मग मोठी बहीण. आईची तिरडी उचलायला चार माणसं मिळेनात. भाऊ श्रीनिवास, कसेबसे मिळालेले दोन ब्राह्मण आणि चौथी रमाबाई. उंची कमी, खांद्याला खांदा जुळेना, म्हणून त्यांनी आपला कोपरा डोक्यावर घेतला. आई आजारी असताना भाकरीचा तुकडा मागायला त्या एका दारी गेल्या आणि मागायला तोंडच उघडेना, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यानंतर भावाबरोबर त्या पायी पंजाब-काश्मीरपर्यंत गेल्या. झेलमच्या काठी थंडी सोसेना म्हणून दोघं वाळूत खड्डे करून त्यात झोपत.

कोलकात्याचा मान पुढे आला. १८७८ साली तिथल्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. पाठ्यपुस्तकं इथून सुरू होतात. भाऊ गेला, बंगाली वकील बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ साली पटकीने नवराही गेला. तेविसाव्या वर्षी विधवा, पदरात दहा महिन्यांचं मूल, माहेर नाही, सासर नाही. पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ला इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेज गावी त्यांनी व मनोरमाने बाप्तिस्मा घेतला. तिथून १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला अमेरिकेत गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि बोस्टनच्या मंडळींकडून दहा वर्षांच्या मदतीचं वचन घेऊन परतल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे नंतरच्या बाया कर्वे. अण्णासाहेब कर्व्यांचं घर उभं राहिलं त्यात या सदनाचा वाटा होता, हे आपण सहसा विसरतो.

सदनात धर्माचं शिक्षण द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. पण रमाबाई स्वतः प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार उघडं ठेवत आणि काही मुली येऊन बसत. १८९३ साली यावरून पुण्यात मोठं वादळ झालं. केसरीने टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्या घरात या प्रसंगावर एकच बाजू सांगितली जायची. मला मोठेपणी दुसरी बाजूही समजली. ज्यांनी मुली विश्वासाने पाठवल्या होत्या त्यांना उघडं दार हे निमंत्रण वाटलं असेल तर त्यात नवल नाही. रमाबाईंना मात्र दार लावून घेणं हा खोटेपणा वाटत होता. दोन्ही मला कळतं. पण ज्या मुली काढून नेल्या गेल्या त्यांचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं का, हा प्रश्न मनातून जात नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

पुण्यातल्या वादळानंतर रमाबाई यात्रेकरूच्या वेषात वृंदावनला गेल्या. विधवांना पुण्याच्या नावाखाली तिथे आणून कसं विकलं-नासवलं जातं, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आणणारी माणसं गोड बोलणारी, धर्माचं नाव घेणारी. तेव्हापासून त्यांच्या लक्षात आलं असावं की निराधार बाईमुलीला धोका फक्त उपासमारीचा नसतो. उपासमार आधी येते आणि तिच्या मागून अन्न घेऊन कुणीतरी येतो.

१८९६च्या अखेरीला मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाई आधी जायला तयार नव्हत्या. जवळ पैसा नव्हता आणि बोस्टनची मदत ठराविक मुलींपुरतीच होती. पण वीस-बावीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा दुष्काळ त्यांना झोपू देईना. गेल्या. तिथे सरकारी कामं निघाली होती, अन्नछत्रं होती, पण त्यांच्या आसपास मुली गोळा करणारे दलाल मोकळे फिरत होते. आईबाप मेलेल्या किंवा आईबापांनी सोडून दिलेल्या मुलींना चार घास देऊन नेत आणि शहरांतल्या वस्त्यांत विकत. अन्नछत्रावरची राखणदार माणसंही काही ठिकाणी त्यात सामील होती. तरुण मुलींना पोटभर अन्नाची किंमत काय द्यावी लागते ते रमाबाईंनी पाहिलं आणि छापूनही आणलं. त्या काळी भल्या घरच्या बाईने हे लिहायचं नसतं.

माझी पणजी त्या मुलींतली. तेव्हा सात-आठ वर्षांची असावी. गावाचं नाव तिला सांगता यायचं नाही, एक मोठी नदी आणि मोहाची झाडं एवढंच. बाप आधी गेला, आई एका सकाळी उठली नाही. धाकटा भाऊ कडेवर होता, तो वाटेत गेला. बाजाराच्या गावी एका माणसाने तिला मी तुझा मामा म्हणून सांगितलं आणि दोन दिवस गूळ-फुटाणे दिले. तिच्यासारख्या आणखी तीन मुली त्याच्याबरोबर होत्या. त्या तिघींचाही तो मामाच होता. हे माझ्या आजीने मला सांगितलं आणि आजीला पणजीने. पणजीला आयुष्यभर वाटत राहिलं की तो माणूस चांगला होता, कारण त्याने खायला दिलं होतं. आजीने कितीदा समजावलं तरी तिची ती समजूत पूर्ण गेली नाही.

उलट ज्या बायका तिला न्यायला आल्या त्यांची तिला भीती वाटली. रमाबाईंनी आपल्या मदतनीस बायका गावोगाव पाठवल्या होत्या. मुलींमध्ये अशी वदंता होती की या पांढऱ्या लुगड्यातल्या बायका मुलींना नेऊन खाऊपिऊ घालून लठ्ठ करतात, मग उलटं टांगून खाली विस्तव पेटवतात आणि अंगातून निघालेल्या तेलाचं औषध करतात. रमाबाईंच्या चरित्रांतही हे नोंदलेलं आहे, तेव्हा पणजीची ही कल्पना नव्हे. बाई, तुम्ही आम्हाला दुष्काळाची कारणं पाच आणि परिणाम पाच असे लिहून दिले होते. त्यात हा परिणाम नव्हता, की भुकेल्या मुलाला विकणारा आणि वाचवणारा यांतला फरक कळत नाही. दोघंही अनोळखी, दोघंही अन्न देतात, दोघंही आगगाडीत बसवतात.

मग पणजी कशी गेली? तिच्या सांगण्याप्रमाणे त्या बायकांमध्ये एक तिच्याच वयाहून थोडी मोठी मुलगी होती आणि ती लठ्ठ नव्हती. एवढ्यावर विश्वास बसला.

रमाबाईंनी त्या खेपांमध्ये तीनशेच्या आसपास मुली आणल्या. त्याआधी १८९६ साली लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्यात त्या आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या आणि या पंधराचा वर्ग होऊ दे, अशी त्यांनी प्रार्थना केली होती. आपल्या गणिताच्या सरांना हा हिशोब आवडला असता: पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. देवाने पंचाहत्तर वर दिले, असं आजी म्हणायची.

आणल्या खऱ्या, पण ठेवणार कुठे? पुण्यात प्लेग होता. शहरात एवढ्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून रमाबाईंनी पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेऊन फळबाग लावली होती. तिथे विहीर होती, घर नव्हतं. मुलींना तिथे नेलं. आधी झोपड्या, मग पत्र्याच्या आणि दगडी इमारती. याच दिवसांत त्यांच्याकडच्या एका मुलीला पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात नेलं आणि ती हाताला लागली नाही. तेव्हा रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून तिथल्या कारभाराला जाहीर जाब विचारला. गव्हर्नरने आरोप नाकारले, प्रकरण विलायतेपर्यंत गाजलं. तीनशे नव्या मुली, पैशाची चणचण, सरकारची गरज, आणि त्या एका मुलीसाठी सरकारशी भांडण. मला रमाबाईंच्या सगळ्या कामांत हे फार मोठं वाटतं, त्यांच्या संस्कृतपेक्षाही.

आलेल्या मुली नुसता सांगाडा होत्या. अंगावर खरूज, डोक्यात उवा, पोटात भाकरी टिकत नव्हती. पहिल्या महिन्यांत बऱ्याच मुली गेल्या. ज्या राहिल्या त्यांना माणसात आणायला महिने लागले. त्या अन्न चोरायच्या, एकमेकींना मारायच्या, रात्री ओरडत उठायच्या. पणजी भाकरीचा तुकडा पदराच्या टोकाला बांधून झोपायची. ही सवय तिची शेवटपर्यंत होती. मी सहा-सात वर्षांची असताना तिच्या पदराची ती गाठ पाहिली आहे आणि आतला तुकडा खाऊसुद्धा दिला होता तिने मला. शिळा, कडक.

इतक्या मुलींना एकटी बाई आई कशी होणार? झाल्या नाहीत, आणि तसा देखावाही केला नाही. शारदा सदनात आधी शिकलेल्या मोठ्या मुली आणि विधवा यांच्या हाताखाली नव्या मुली वाटून दिल्या. ज्या स्वतः काल निराधार होत्या त्या आज कुणाच्या तरी आई, मावशी, अक्का झाल्या. पणजीच्या वाट्याला आलेली अक्का कोकणातली बालविधवा होती. न्हाऊमाखू घालणं, बाराखडी, आजारपण, मार, सगळं तिच्याकडे. रमाबाई पणजीशी समोरासमोर फार तर पाच-सहा वेळा बोलल्या असतील. तरी तिने आईच्या जागी त्यांचंच नाव सांगितलं आणि अक्काचं सांगितलं नाही. मी आजीला विचारलं होतं, असं का? आजी म्हणाली, अक्काने वाढवलं, पण कुणीतरी नेतं आहे म्हणून मागे धावली ती रमाबाई.

काही मुली इतर मिशनांच्या वसतिगृहांत गेल्या. उरलेल्यांचं गाव केडगावला वसलं. मुक्ती हे नाव १८९८पासूनचं. १९००च्या सुमाराला, गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या तेव्हा तिथे दीड हजार माणसं होती. दळण, विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, शेती, शिवण आणि पुढे छापखाना, सगळं मुली चालवत. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं. आणि एक घर वेगळं होतं, कृपासदन. ज्या मुली दलालांच्या हाती लागून गेल्या होत्या, किंवा अन्नछत्रातच ज्यांचा घात झाला होता, त्यांच्यासाठी. अशा मुलींना तेव्हा सुधारकांची घरंही दार उघडत नव्हती. रमाबाईंनी त्यांना ठेवून घेतलं आणि शिकवलं.

पुढे मुलींपैकी कुणी शिक्षिका झाल्या, कुणी परिचारिका, कुणी गावोगाव फिरणाऱ्या बायबल स्त्रिया. पुष्कळांची लग्नं ख्रिस्ती घरांत झाली. पणजीचं नगरकडच्या एका सुताराच्या मुलाशी झालं. सासरच्यांनी जात विचारली नाही, कारण सांगता येणार नव्हती. सासूने एवढंच विचारलं की भाकरी करता येते का. त्या सासूला पणजीने पहिल्यांदा आई म्हटलं, असं आजी सांगायची.

आता अवघड प्रश्न. सात वर्षांच्या पोरीला धर्म निवडता आला का? नाही आला. तिला नावही आठवत नव्हतं. जे आहे ते केडगावला मिळालेलं. माझ्या धाकट्या भावाशी यावरून माझे वाद होतात. त्याचं म्हणणं, भुकेच्या बदल्यात धर्म घेणं हाही एक सौदाच. मी त्याला म्हणते, त्या बाजारात दुसरा सौदा कोणता होता ते तू विसरतोस. तो म्हणतो, रमाबाईंनी अन्न देऊन देव बाजूला ठेवता आला असता. ठेवता आला असता की नाही, मला सांगता येत नाही. त्यांना स्वतःला तो बाजूला ठेवता येत नव्हता, एवढं दिसतं. १९०५ साली मुक्तीत मोठी धार्मिक जागृती झाली. मुली तासन् तास प्रार्थना करत, रडत. त्याबद्दल वाचताना मलाही थोडं अवघडल्यासारखं होतं. पणजी त्यात होती. ती त्याबद्दल कधी बोलायची नाही.

शेवटची पंधरा-वीस वर्षं रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या, शेतावरच्या बाईला समजेल अशा मराठीत ते व्हावं हा हट्ट. खिळे जुळवायला मुलीच. १९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या, चाळिशीतच. आईनंतर संस्था त्यांनीच सांभाळायची होती. रमाबाईंनी भाषांतराचं काम तेवढं पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्या गेल्या. बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ साली. आमच्या घरी त्याची एक प्रत होती, पुठ्ठा गेलेली. तिच्या पहिल्या कोऱ्या पानावर आमच्या सगळ्या जन्मतारखा लिहिलेल्या आहेत. पणजीच्या नावापुढे तारखेच्या जागी दुष्काळ, एवढाच शब्द आहे.

बातमी नगरला पोचली तेव्हा पणजीला तीन मुलं होती, धाकटं अंगावर पीत होतं. तिने दोघांना सासूकडे ठेवलं, लहान्याला घेतलं आणि दौंडला गाडी बदलून केडगावला गेली. उतरली तोवर दफन होऊन गेलं होतं. रानातून, गावांतून, दुसऱ्या मिशनांतून बायका येतच होत्या. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, कारण शेवटचं पाहिलं तेव्हा सगळ्या पोरी होत्या. स्वयंपाकघरात एवढ्या माणसांचं पीठ कमी पडलं. पणजीने पोर अक्काच्या मांडीवर दिलं आणि जात्यावर बसली. दोन दिवस ती दळत होती. तिसऱ्या दिवशी गाडी पकडून घरी आली.